नोईचा खांब

आमच्या हॉलच्या कोपऱ्यात एक खांब आहे. नकाशा काढताना आर्किटेक्टला शिंक आली असावी, अशा जागी तो उभा आहे. त्याच्यामुळे सोफा भिंतीला लागत नाही, कपाट सरळ राहत नाही आणि नवा पाहुणा हमखास त्याला खांदा घासून जातो. फ्लॅट घेतल्यापासून मी त्याला शिव्या घालत आले. नेरूळमधल्या आमच्या या जुन्या बिल्डिंगमध्ये एकावर एक चार घरं त्या खांबाला धरून आहेत. तळमजल्यावर मुकादमचाचा, पहिल्यावर मी एकटी, माझ्या डोक्यावर सुधीर जगताप आणि त्याची बायको नोई, आणि त्यांच्या वर सुलभाताई करंबेळकर.

हा खांब म्हणजे वस्तू नसून तिथे कुणीतरी राहतं, हे मला नोईनं सांगितलं. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. मी हसले. नोईही हसली. बिल्डिंगमध्ये पाणी किती वाजता येतं हे एखाद्या नव्या भाडेकरूला ठाऊक नसावं आणि आपण ते सोडून द्यावं, तसं तिनं माझं हसणं सोडून दिलं.

नोई लाओसची. सुधीर साताऱ्याकडचा, इंजिनियर. तिकडे एका धरणाच्या कामावर गेला आणि परतताना तिला घेऊन आला. सोसायटीनं तिला आधी नेपाळी ठरवलं, मग मणिपुरी, आणि सुधीरनं गणपतीच्या मंडपात नकाशा उघडून दाखवल्यावर 'थायलंडच्या बाजूची' यावर तडजोड झाली. तिच्या भाषेत नोई म्हणजे लहान. होतीही तशीच, माझ्या खांद्याला लागेल एवढी. घरात कमरेला लुंगीसारखं पण सुरेख विणलेल्या काठाचं वस्त्र, केसांचा घट्ट अंबाडा, आणि दोन्ही मनगटांना पांढरे सुती दोरे. काही नवे, काही मळून राखाडी झालेले.

मराठी ती सुधीरकडून शिकली नाही. तो बिचारा तिच्याशी तिच्याच भाषेत बोलायचा. मराठी तिला शिकवली सारसोळ्याहून येणाऱ्या मासळीवाल्या चांगुणाबाईनं. त्यामुळे साताऱ्याची ही सून 'हाय', 'नाय', 'पानी' असं आगरी वळणाचं बोलायची, आणि घरी आलेली सासरची माणसं तोंडावर रुमाल धरून हसायची. तिला त्याचंही काही वाटायचं नाही.

घरात शिरलं की तिच्या खांबाला, डोक्याच्या वरच्या उंचीवर, एक छोटी फळी ठोकलेली दिसायची. तिच्यावर पाण्याची वाटी, एखादं फूल आणि चिकट भाताची लहानशी गोळी. हा भात ती बांबूच्या टोपलीत वाफेवर शिजवायची. तांदूळ ईशान्येकडच्या मुलांच्या एका दुकानातून आणायची. तिच्या देशात घराचे म्हणून राखणदार असतात. घरातलीच गेलेली माणसं, आजोबा, पणजी. ती मुख्य खांबापाशी राहतात. घरात कोण येतं, कोण जातं, कोण कुणाशी भांडतं, हे सगळं त्यांना सांगावं लागतं. सांगितलं नाही तर ती रागावतात, घरातलं कुणीतरी आजारी पडतं.

"पण तुझी माणसं तर तिकडची. इथे कशी आली?" मी एकदा विचारलं.

"मी सांगितला ना, चला म्हनून," ती म्हणाली. "विमानात माझ्या मांडीवर टोपली व्हती."

माझ्या घरी रंगकाम निघालं तेव्हा मी दोन रात्री तिच्याकडे झोपायला गेले. गादी घालण्याआधी नोईनं मला हाताला धरून खांबासमोर उभं केलं आणि तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक सांगितलं. सुधीर सोफ्यावर बसून हसत होता. मी त्याला अर्थ विचारला. तो म्हणाला, "ओळख करून दिली तुमची. ही खालची ताई, शाळेत शिकवते, एकटी आहे, मनानं चांगली आहे, दोन रात्री राहील. थोडी घोरते, त्याचा राग मानू नका." मी घोरते हे मला तोवर कुणीही सांगितलं नव्हतं.

पौर्णिमेला ती जवळच्या विहारात जायची, पांढरी साडी नेसून, डब्यात भात घेऊन. तिथल्या एका ज्येष्ठ गृहस्थांना खांबाची बातमी लागली. त्यांनी तिला शांतपणे समजावलं की भुताखेतांचं हे असलं बुद्धानं कुठे सांगितलेलं नाही. नोईनं सगळं ऐकून घेतलं, हात जोडले आणि घरी येऊन मला म्हणाली, "बुद्धाचं काम मोठा हाय, ताई. घरातली बारीक कामं कोन करनार?" मला माझे वडील आठवले. राजापूरला पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालताना ते हळूच एक शीत पानाबाहेर जास्त ठेवायचे. कुणासाठी, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मनगटावरच्या दोऱ्यांचंही असंच. माणसाच्या अंगात एक जीव नसून बत्तीस असतात, ही तिची ठाम समजूत. डोळ्यांचा वेगळा, गुडघ्याचा वेगळा. माणूस घाबरला, पडला, लांब प्रवासाला गेला, की यातला एखादा वाटेत मागे राहतो. मग त्याला हाक मारून आणायचं आणि मनगटाला दोरा बांधून अडकवून ठेवायचं. मी निवृत्त झाले त्या दिवशी घरी आले तर ही दोरा घेऊन दारात उभी. "शाळेत काय काय ऱ्हायला असंल," म्हणाली. दोरा बांधून होईपर्यंत मी रडत होते. शाळेच्या निरोप समारंभात डोळ्यांतून टिपूसही आलं नव्हतं.

सुधीरला यातलं काही खरं वाटायचं की नाही, देव जाणे. त्याचं आणि खांबाचं नातं निराळंच होतं. तो जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात कामाला होता. संध्याकाळी घरी आला, चहा झाला, की चमच्यानं खांबावर वाजवायचा. टक टक, लागोपाठ दोन. मग जरा थांबून एक. घन पदार्थातून आवाज हवेपेक्षा भराभर जातो, हे मी वर्गात शिकवायचे. इथे ते रोज ऐकायला मिळायचं. ही मुकादमचाचांना कॅरमची हाक असे. ती माझ्या हॉलमधून खाली जायची आणि सुलभाताईंच्या हॉलमधून वर. सुलभाताई वरून ओरडायच्या, "अहो जगताप, सीरियल चालू आहे!" चाचा लुंगी सावरत जिना चढायचे. चाचा उरणकडच्या जुन्या मुसलमान घराण्यातले, ट्रान्सपोर्टचा धंदा. नोई खांबाला रागावू नका म्हणून सांगायची, की हा टकटक करतो तो माझाच नवरा आहे.

आणि मग एका दुपारी जासईच्या रस्त्यावर सुधीरच्या मोटरसायकलला ट्रेलरनं उडवलं. तो जागच्या जागी गेला.

त्यानंतर जे घडलं, ते बिल्डिंगमध्ये कुणी विसरलेलं नाही. दुसऱ्या दिवशी अँब्युलन्स गेटातून आत आली. साताऱ्याहून दोघे थोरले भाऊ आले होते. त्यांनी स्ट्रेचर उचलून जिन्याकडे आणलं, आणि नोई जिन्याच्या पहिल्या पायरीवर दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"दादा, नको. घरात नको."

"अगं बाजूला हो. त्याचं घर आहे ते."

"घरात नाय घ्यायचा. पाया पडते. नाय घ्यायचा."

थोरल्या दिरांचा आवाज चढला, मधले रडायला लागले. नोई हलली नाही. शेवटी चाचांनी पुढे होऊन सुधीरला आवारातच, सावलीत ठेवायला लावलं. आंघोळ, हार, सगळं तिथेच झालं. नवऱ्याला बाईनं स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडू दिला नाही, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या सेक्टरभर झाली. मलाही तिचा राग आला, अगदी मनापासून. दहाव्याला कावळा चटकन शिवला तेव्हा दीर समाधानानं हात जोडून म्हणाले, "सुटला." नोई माझ्या कानाशी म्हणाली, "कावळ्याला भूक व्हती, ताई." त्यानंतर साताऱ्याच्या माणसांनी तिचं नाव टाकलं.

पुढे कधीतरी तिनं मला सगळं सांगितलं. दिवेलागणीची वेळ होती, पण तिनं दिवा लावला नव्हता. रस्त्यात, अचानक, रक्तात मेलेला माणूस तिच्याकडे घरात आणत नाहीत. तो आपला राहिलेला नसतो. घाबरलेला असतो, चिडलेला असतो, आणि घरात शिरला तर राखणदारांना हुसकावून घरातल्यांनाच ओढायला लागतो. तिच्या लहानपणी शेजारच्या घरानं नदीत बुडालेल्या मुलाला आत घेतलं होतं. पुढे त्या घरात कुणी उरलं नाही. त्या दिवशी जिन्यात उभी असताना तिच्या डोळ्यांसमोर आम्ही चारही घरं होतो.

"मी घर वाचवला," ती म्हणाली. "आन् त्याला दारातून परत पाठवला. तो माझ्याकडंच बघत व्हता, ताई. आता तो तिथंच हाय, रस्त्यावर. उन्हात."

मी पुष्कळ समजावलं. मेल्यावर काही उरत नाही, असं मी तिला सांगितलं आणि सांगताना माझाच आवाज मला परका वाटला. ती दर शनिवारी डबा घेऊन उरणकडची बस पकडायला लागली. रस्त्याच्या कडेला, डिव्हायडरच्या तुटक्या टोकापाशी भाताची गोळी आणि चहाचा कप ठेवायची, तासभर उन्हात बसायची आणि परत यायची. सोबत म्हणून मी एकदा गेले. कानठळ्या बसवत ट्रेलर जात होते, प्रत्येक ट्रेलरबरोबर धुळीचा लोट अंगावर येत होता, आणि ही बाई मांडी घालून हळू आवाजात कुणाला तरी घरच्या गोष्टी सांगत होती. नळ दुरुस्त झाला. सुलभाताईंच्या सुनेला दिवस गेलेत. चाचा आता कॅरम खेळत नाहीत. बोलता बोलता ती मधेच थांबायची, मान कलती करून ऐकायची आणि मग पुढे बोलायची. त्या थांबण्यानं माझ्या अंगावर भर उन्हात काटा आला. मी परत तिथे गेले नाही.

मग त्याच जागी कॉलेजची एक मुलगी स्कूटरवरून घसरली. पाय मोडला, वाचली. चाचा सहज बोलून गेले आणि नोईचा चेहरा पांढरा पडला. तिच्याकडे असं मानतात, की रस्त्यावरचा मेलेला एकटा पडला की सोबत मागतो.

"सुधीर असा नव्हता," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. "त्याला असा मी केला. अजून कोन गेला तर?"

तिनं लाओसला मावशीला व्हिडिओ कॉल लावला. अशा बाबतीत मावशीचा शब्द शेवटचा. मी शेजारीच बसले होते. मोबाइलच्या पडद्यावर दात पडलेली, तंबाखू चघळणारी एक म्हातारी बराच वेळ मान हलवत होती. नाही, नाही, असला माणूस घरात नसतो न्यायचा. नोई रडायला लागली. तेव्हा म्हातारी सावकाश काहीतरी बोलली. नोईनं मला ते सांगितलं. रस्त्यात हरवलेला जिवंत माणसाचा जीव जसा जाळ्यानं झेलून आणतात, तसा त्यालाही आणता येईल. पण तो ज्या खांबापाशी राहणार, त्या खांबाखाली झोपणाऱ्या एकूण एक घराची परवानगी हवी. एकानं जरी नाही म्हटलं, तर नाही. माझा अजून संशय आहे, की मावशीनं हे नोईची सुटका व्हावी म्हणून सांगितलं असावं. गावात एक खांब म्हणजे एक घर. बिल्डिंगचा खांब तिला काय माहीत!

पण नोईला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, खांद्यावरून रेशमी पट्टा घेऊन, हातात केळी आणि दोरे घेऊन ती तळमजल्यापासून सुरुवात करायला निघाली. मी दार उघडं ठेवून ऐकत होते.

चाचांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नोईभाभी, आमच्यात असं काय मानत नाय. मेला तो अल्लाकडं गेला, विषय संपला. पन सुधीर माझ्या घरात येतो म्हनाला, तर मी त्याला कधी नाय म्हटलंय काय? आना त्याला."

मग ती माझ्याकडे आली. माझ्याकडे वाद घालायला भरपूर मुद्दे होते. तिनं केळी माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, "आण बाई." ती वर गेली.

सुलभाताईंनी नाही म्हटलं.

त्यांना दोष देण्यासारखं काहीच नव्हतं. सुनेला सातवा महिना होता, आधीचं एक गेलेलं. "नोई, तू कितीही सांग," त्या दाराची चौकट धरून म्हणाल्या, "माझं घर लेकुरवाळं व्हायचंय. मेलेलं माणूस मी वर येऊ देणार नाही. मला नाही म्हणताना बरं वाटतंय का?" आणि त्या रडायला लागल्या. नोईनं त्यांचे डोळे पुसले. "बरोबर हाय, सुलभाताई," ती म्हणाली. "मी पन तसाच केला ना." खाली येताना तिनं कठड्याला धरलं होतं, एवढंच मी पाहिलं.

ती थांबली. रोज खांबाला काय सांगायची कोण जाणे, पण शनिवारची बस चुकली नाही. सुलभाताईंच्या गॅलरीतून बस स्टॉप दिसतो. ही डबा पोटाशी धरून उभी, आणि त्या वरून कपडे वाळत घालतायत, असं किती शनिवार चाललं. नोईनं वर तोंड करून कधी पाहिलं नाही. सुनेचे दिवस भरत आले तेव्हा मात्र ती रस्त्यावर त्याला बजावून आली. "सांगितला त्याला, पोर होऊ दे नीट. आडवा येऊ नको. शानपनानं बस."

मुलगी झाली, सुखरूप झाली. बारशाला सुलभाताईंनी नोईला बोलावलं. विधवा बाईला पाळण्याशी कशाला, असं कुजबुजणाऱ्या एका पाहुणीला त्यांनी सगळ्यांसमोर झापलं. नोईनं त्या इवल्याशा मनगटाला दोरा बांधला, बत्तीसच्या बत्तीस जीवांना नावानं हाका मारल्या. मग सुलभाताई तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. घुगऱ्या भरायला मी तिथेच होते.

"जा, घेऊन ये त्यांना," त्या म्हणाल्या. "तुला त्या स्टॉपवर बघवत नाही मला. दर शनिवारी वाटतं, मीच उभं केलंय."

जाळं चांगुणाबाईनं दिलं. खाडीत उथळ पाण्यात कोळंबी गाळायचं, लाकडी कडीचं लहान हातजाळं.

"जालं कशाला गो बाय तुला? खारीत उतरतेस का काय?"

"नवऱ्याला आनायचा हाय," नोई म्हणाली.

चांगुणाबाईनं जाळं तिच्या हातात दिलं. म्हणाली, "ने. धुऊन दिलंय. पैसं नको."

ठरलं ते असं. चाचा गाडीनं तिला जासईला नेणार. येताना तिनं बोलायचं नाही, मागं वळून पाहायचं नाही. घरात कुणीतरी बसलेलं हवं. ती जिन्याच्या तोंडाशी येऊन विचारणार, "आला का?" आणि घरात बसलेल्यानं सांगायचं, "आला." उत्तर आलं तरच पायरी चढायची. ज्या पायरीवर तिनं त्याला अडवलं होतं, तीच.

"घरात तू बस, ताई," ती म्हणाली.

"अगं, पण मला कसं कळणार आला ते?"

"कळंल."

"आणि नाही कळलं तर? खोटं सांगू?"

"खोटा नाय सांगायचा," ती घाबरून म्हणाली. "खोटा सांगितला तर तो वाटेवरच ऱ्हाईल."

अशी मी त्या दुपारी तिच्या हॉलमध्ये खांबासमोर पाटावर बसले. फळीवर ताजा भात, उकडलेलं अंडं, चहाचा कप. सुधीरचा तो लाडका स्टीलचा चमचा बशीत. पंखा बंद ठेवायला सांगितलं होतं. बाहेर भाजीवाल्याची आरोळी ऐकू येत होती, वर बाळ कुरकुरत होतं, मग तेही झोपलं. चहावर साय धरली. मी मनाशी ठरवत होते, की काही झालं नाही तर काय करायचं. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलले तर ती बाई त्या पायरीखाली उभी राहिली असती, जन्मभर. माझ्या आयुष्यात एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. गेटपाशी चाचांच्या गाडीचं दार वाजलं.

आणि खांब वाजला. टक टक. मग जरा थांबून, एक.

बशीतला चमचा बशीतच होता. चाचा गाडीशी होते, पण त्यांच्या घरात चाची होत्या. वर सुलभाताई होत्या. घन पदार्थातून आवाज कुठूनही कुठेही जातो. हे सगळं मला त्याच क्षणी सुचलं, आणि त्याचा काहीही उपयोग झाला नाही.

खालून नोईचा आवाज आला, लहान मुलीसारखा बारीक. "आला का?"

माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत वरच्या गॅलरीतून सुलभाताई ओरडल्या, "आला गं! आला!" त्यांचा आवाज पार फाटला होता. खालून चाचींचा आला, "आला, आला." आणि मग माझा.

ती जिना चढून आली. जाळं दोन्ही हातांनी असं धरलं होतं की त्यात काठोकाठ पाणी असावं. केस धुळीनं पांढरे, डोळे समोर. माझ्याकडे न पाहता खांबापाशी गेली, गुडघे टेकले आणि जाळं अलगद पालथं केलं. मग खांबाला दोरा गुंडाळला, कपाळ टेकलं, आणि पहिल्यांदा हंबरडा फोडून रडली. सुधीर गेल्यापासून ती अशी मोकळी रडली नव्हती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. बाहेर जिन्यात चाचा उभे होते, रुमालात तोंड खुपसून.

त्यांनी नंतर सांगितलं, "टीचर, मी मधी रस्त्यात उभा ऱ्हाऊन ट्रेलर थांबवले. माझ्या ओळखीचेच डायवर, कोन हॉर्न मारला नाय. ही बाई नुसत्या हवेत जालं फिरवत व्हती. तिच्या भाषेत काय काय बोलली. मग एकदम मराठीत म्हनाली, 'चल घरी, भात गार झाला.' तवा मी बी काय काय पुटपुटलो. ते तुमाला नाय सांगनार."

खांब कुणी वाजवला, हे मी चाचींना विचारलं नाही. सुलभाताईंना विचारलं नाही. त्यांनीही मला विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीतरी खरं सांगितलं असतं.

त्यानंतर नोई नीट जेवायला लागली. शनिवारची बस बंद झाली. फळीवर आता भाताच्या गोळीशेजारी चहाचा कपही असायचा.

गेल्या वर्षी मावशी अंथरुणाला खिळली. तिला पाहणारं कुणी नव्हतं. नोईनं कायमचं परत जायचं ठरवलं. सुधीरला बरोबर न्यायची तिची फार इच्छा. मांडीवर न्यायची टोपली तयार होती. मला समोर बसवून तिनं खांबाला विचारलं, मग चिमूटभर तांदूळ उचलून तळहातावर जोड्या लावल्या. जोड्या पूर्ण झाल्या तर येतो, एक दाणा उरला तर नाही. एक दाणा उरला. तिनं पुन्हा चिमूट घेतली. पुन्हा एक दाणा उरला. ती डोळे पुसत हसली. "नाय येत. म्हनतो, एकदा कसाबसा घरात आलोय, आता परत दार नको."

किल्ली माझ्याकडे दिली. भात तिनं मला शिकवला. मला तो अजूनही तिच्यासारखा जमत नाही.

निघण्याच्या दिवशी टॅक्सी गेटाशी उभी होती. सामान चाचांनी चढवलं. मी माझ्या गॅलरीत, सुलभाताई नातीला कडेवर घेऊन वरच्या गॅलरीत. निरोप आधीच घेऊन झाला होता, कारण एकदा उंबरा ओलांडला की तिला वळून पाहायचं नव्हतं. ती आवारातून चालत गेटापर्यंत गेली. आमच्याकडे तिची पाठ होती; तो छोटा अंबाडा, उजव्या हातात टोपली, मनगटावर आम्ही बांधलेले नवे पांढरे दोरे. टॅक्सीच्या दाराला हात लावून ती थांबली.

"ताई," ती पाठमोरीच ओरडली. "हाय ना?"

या वेळी मी कसल्याही आवाजाची वाट पाहिली नाही.

"आहे गं," मी म्हटलं. "आहे. तू जा."

तिनं पाठमोरीच मान हलवली आणि आत बसली. टॅक्सी वळून दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते. मग आत आले, हॉलच्या त्या अडनिड्या कोपऱ्यात जाऊन खांबावर हात ठेवला आणि सांगितलं, "सुधीर, गेली रे ती. पोचली की फोन करते म्हणालीय."